ना तरुण, ना म्हातारे



आपल्या चर्चमध्ये तरुणांसाठी शिबिर असते, मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग असतो, आजारी व वृद्धांसाठी वर्षातून एकदा खास मिस्सा असते. चाळीस ते पंचावन्न या वयाच्या माणसांसाठी काय असते? वर्गणीची पावती असते, आणि सणाला मांडव घालण्याचे काम असते. मीही याच वयाचा आहे, म्हणून आज जरा आपलेपणाने लिहितो.

घरे आशीर्वादित करायला गेलो की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते. बाप सत्तरीपुढचा, त्याच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या. मुलगा नाहीतर मुलगी पुण्याला शिकायला, तिथली फी आणि खोलीचे भाडे. सोयाबीनला भाव काय लागतो यावर दोघांचे अवलंबून. मधल्या माणसाला "तुमचे कसे चालले आहे?" असे विचारले, तर तो बापाचे सांगतो किंवा पोराचे सांगतो. फारच खोदून विचारले तर म्हणतो, "माह्यं काय फादर, गेलं आता." हे वाक्य मी पंचेचाळीस वर्षांच्या, अंगाने धडधाकट माणसांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांच्या घरातील बाईला तर हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथात माणसाच्या तीन अवस्थांचे स्वभाव सांगितले आहेत. तरुण माणूस भरवसा फार ठेवतो, म्हातारा फारच थोडा ठेवतो, आणि मधल्या वयाच्या माणसाला दोन्ही तोलता येते. शरीर ३० ते ३५ या वयात भरात असते आणि मन ४९ च्या सुमारास, असे तो म्हणतो. सेमिनरीत हे वाचले तेव्हा ४९ या आकड्याचे आम्हाला हसू आले होते. आता येत नाही. पण हेही खरे की ॲरिस्टॉटलच्या नागरिकाच्या घरची कामे बायका आणि गुलाम करीत होते. आपल्या माणसाचे मन भरात येते तेव्हाच त्याच्या डोक्यावर सर्वांत जास्त ओझे असते.

मग या वयात माणसाने स्वतःसाठी नवे काही सुरू करावे की नाही? ज्यांचे देणे लागतो त्यांचे फेडावे आणि गप्प बसावे, असे आपले वडीलधारे सांगतील. त्यांचे म्हणणे हलके नाही. चौथी आज्ञा आहे, आणि २००७ पासून आईवडिलांच्या पोटगीचा कायदाही आहे. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू अशा लोकांवर रागावतो, जे आपली मिळकत देवाला वाहिली असे सांगून आईबापांना हात वर करून दाखवतात. म्हणजे देवाचे नाव घेतले तरी सुटका नाही. "मला माझे आयुष्य जगायचे आहे" असे म्हणून घरदार वाऱ्यावर सोडणाऱ्याची बाजू मग कोणी घ्यावी?

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातले एक घर या बाबतीत पाहण्यासारखे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट होते, पण त्यांची भजने आपणही गातो. १८९५ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९१७ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी मिशनचे पगारी काम सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. एका आयुष्यात दोनदा नवी सुरुवात करणारा माणूस! पण १८९५ च्या त्या निर्णयाची किंमत कोणी दिली? लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाला तो त्यांच्या संमतीने नव्हे. पुढची चार-पाच वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने आणि लोकांची बोलणी ऐकत त्यांनी काढली. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण ती वर्षे काही परत आली नाहीत. टिळकांविषयी मला अपार आदर आहे. तरीही वाटते की, सत्य दिसले म्हणून निघालेल्या माणसानेही मागे कोण राहिले हे पाहिले पाहिजे.

आता लक्ष्मीबाईंकडे पाहा. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्या पन्नाशीला पोचल्या होत्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. लिहिणे-वाचणे लग्नानंतर नवऱ्याने शिकवले. घरात 'ख्रिस्तायन' हे प्रभू येशूच्या जीवनावरचे महाकाव्य अर्धवट पडले होते. अर्धवट म्हणणेही जास्तच, कारण टिळकांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. १९३६ साली त्यांचे निधन झाले. आज मराठी माणूस टिळकांपेक्षा कदाचित लक्ष्मीबाईंनाच अधिक वाचत असेल.

त्यांनी मागचे काही टाकले नाही. नवऱ्याचे राहिलेले काम उचलले आणि ते करता करता स्वतःची भाषा सापडली. आपल्याकडे पुष्कळांना वाटते की नवे सुरू करायचे म्हणजे आधीचे मोडायचे. आपल्या जिल्ह्याची लेक जिजाबाईही अशीच. सिंदखेडच्या लखुजी जाधवांना आणि त्यांच्या मुलांना १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यावर दगाफटक्याने मारले. माहेर असे संपले, नवरा आदिलशाहीच्या चाकरीत दूर. अशा वेळी चाळिशीच्या आसपासची ही बाई लहान शिवाजीला घेऊन उद्ध्वस्त झालेल्या पुण्यात राहिली आणि ते गाव पुन्हा वसवू लागली. जबाबदारी कडेवर होतीच.

म्हणून माझे मत असे : पन्नाशीत नवे काही मागणे हा स्वार्थ नाही. त्याची किंमत दुसऱ्यावर टाकणे, आणि तेही त्याला न विचारता, हा स्वार्थ आहे. पण न मागता कुढत राहणे हेही पुण्य नव्हे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आठवा. आपण प्रवचनात नेहमी धाकट्याबद्दल बोलतो. थोरला शेतात राबतो, बापाला सांभाळतो, आज्ञा मोडत नाही, आणि इतक्या वर्षांत मित्रांबरोबर खायला एक करडूही मिळाले नाही म्हणून आतून कडू झालेला आहे. त्याने ते कधी मागितले होते का? बाप तर म्हणतो, जे माझे ते सर्व तुझेच आहे. मधल्या वयाचे पुष्कळ जण मला या थोरल्याच्या जागी उभे दिसतात : दाराबाहेर, आतले गाणे ऐकत.

अर्थात मागायचे म्हटले तरी वेळ कुठून आणायचा? ज्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे तिथे मी कम्युनियन घेऊन येतो, ते माझे कामच आहे. पण त्याने म्हाताऱ्या आईची सोय होते, तिची सेवा करणाऱ्या सुनेची होत नाही. आठवड्यातून दोन तास कोणी त्या आईजवळ बसले, तर ती सून शिवणाच्या वर्गाला जाईल, बायबल वाचेल, किंवा नुसती झोपेल. आपल्या पॅरिशमध्ये सेवानिवृत्त शिक्षक आहेत, महाविद्यालयात जाणारी मुले आहेत. ज्यांना असे दोन तास देता येतील त्यांनी, आणि ज्यांना ते हवे आहेत त्यांनीही संकोच न करता, येत्या रविवारी मिस्सानंतर मला भेटावे.

आपला,
फादर