रस्ता कोणाचा?

देवस्थानची जमीन देवाची आणि महाजन तिचे केवळ राखणदार, ही भावना आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. देवळाच्या प्राकारात कोणी आपले खाजगी सामान कायमचे मांडून बसला, तर चार माणसे त्यास तत्काळ उठवतील. परंतु प्राकाराबाहेर पाऊल टाकताच आपली ही विवेकबुद्धी कोठे जाते, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत आहे. एक उभी मोटार सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा अडवते. जागा सर्वांची, मोटार एकाची. पालखीला वाट हवी म्हणून जात्रेच्या दिवशी आपण मोटारी हटवतो. देवासाठी जे एक दिवस शक्य होते, ते शाळेत चालत जाणाऱ्या मुलासाठी वर्षभर अशक्य का ठरावे?

ते अशक्य नाही, असे स्पेनमधील पोंतेवेद्रा या शहराने दाखविले आहे. सुमारे ८३ हजार वस्तीचे हे शहर. पोर्तुगालकडून सांतियागो दे कोंपोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्री पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट त्यातूनच जाते. १९९९ मध्ये मिगेल आन्शो फेर्नांदेस लोरेस हे व्यवसायाने डॉक्टर असलेले गृहस्थ तेथे महापौर झाले. खाजगी मालकीच्या वस्तूने सार्वजनिक जागा व्यापावी हा अधिकार कोणी दिला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. जुन्या शहराचे रस्ते पादचाऱ्यांना मोकळे करण्यात आले. मोटारीने शहराच्या मध्यातून आरपार जाण्याची सोय मोडण्यात आली. पदपथ रुंदावले, वेगाला तासाला ३० किलोमीटरची मर्यादा घातली आणि मोटारी ठेवण्यासाठी शहराच्या कडेला विनामूल्य जागा दिली. कोठून कोठे चालत जाण्यास किती मिनिटे लागतात, याचा नकाशाही नगरपालिकेने छापला. मध्यवस्तीतील रहदारी त्यामुळे पुष्कळ घटली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. गुडघे धरलेल्या आजीने दर्शनास कसे यावे? अपंगाने काय करावे? पोंतेवेद्राने मोटारींवर सरसकट बंदी घातलेली नाही. रुग्णवाहिका, माल पोहोचविणाऱ्या गाड्या, अपंगांची वाहने यांना तेथे वाट आहे. भेद करावयाचा तो गरज आणि सोय यांत. आजीची मोटार ही गरज होय. धडधाकट असूनही महाद्वारापर्यंत मोटार नेण्याचा आमचा आग्रह ही सोय. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर तो आग्रह आम्हीही अनेकदा धरला आहे. आमच्या मोटारीमुळेच आजीच्या मोटारीला दारात जागा मिळत नाही, हे आमच्या ध्यानी उशिरा आले.

तथापि केवळ उपदेशाने हे साधणार नाही. एकट्याने मोटार सोडली तर त्याला ऊन, धूळ आणि धोका मिळतो. रस्ता मात्र भरलेलाच राहतो. म्हणून हे काम नियमाचे आहे, आणि नियम करणाऱ्यांत सर्वांत जवळची संस्था म्हणजे नगरपालिका. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते, वाहनतळ व बसथांबे हे विषय नगरपालिकांच्या कक्षेतील म्हणून नमूद आहेत. मात्र चालण्याजोगा पदपथ आणि वेळेवर येणारी बस दिल्यावाचून मोटार सोडा म्हणणे हाही अन्यायच होईल.

आपली देवस्थाने या कामी आरंभ करू शकतात. आपल्या दारापुढील रस्ता वृद्ध व अपंग यांच्या वाहनांखेरीज मोकळा ठेवावा, असा ठराव महाजनांनी करून नगरपालिकेकडे धाडावा. प्रदक्षिणा आपण सारेच पायी घालतो. तेथे धनिक आणि फुलकार एकाच वाटेने चालतात. तीच वाट प्राकाराबाहेर थोडी पुढे न्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.