राज्यपालांना पाडणार कोण?

वर्ध्याचा मतदार विद्यमान खासदाराला घरी बसवायला कचरत नाही. वसंत साठे येथून सलग तीनदा निवडून आले, केंद्रात मंत्री राहिले, पण १९९१ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांनी त्यांना हरवले. २००४ मध्ये काँग्रेसच्या खासदार प्रभा राव पडल्या, सुरेश वाघमारे आले. २००९ मध्ये वाघमारेही पडले. २०२४ च्या जूनमध्ये भाजपचे दोन वेळचे खासदार, देवळीचे पैलवान रामदास तडस यांना अमर काळे यांनी ८१ हजारांहून अधिक मतांनी चीत केले. भाजपविरोधी लाट म्हणावी, तर पाचच महिन्यांत जिल्ह्यातल्या चारही विधानसभा जागा भाजपला मिळाल्या आणि १९९९ पासून देवळी राखणारे काँग्रेसचे रणजित कांबळे हरले.

मतदारांच्या या धाकाचे मोल मोठे आहे. प्रचाराची गाडी गावात शिरली की पारावरून कोणीतरी विचारतोच, "कापसाचं काय केलं, थे सांगा अगोदर." उमेदवाराला गाडीतून उतरावे लागते, उत्तर द्यावे लागते. उत्तर पटले नाही तर बटण दुसरीकडे दाबले जाते.

राज्यपालांना मात्र हा धाक नसतो. २००४ च्या पराभवानंतर प्रभाताईंनी प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद सांभाळले आणि २००८ साली त्या हिमाचल प्रदेशच्या राज्यपाल झाल्या, पुढे राजस्थानच्या. त्यांचा अनुभव आणि करारीपणा याविषयी शंका नाही. १९८५ मध्ये त्यांच्या प्रदेशाध्यक्षपदावरून वसंतदादा पाटील यांनी मुख्यमंत्रिपद सोडले होते, एवढे त्यांचे वजन होते. प्रश्न पदाचा आहे. खासदार म्हणून त्या पुलगाव-हिंगणघाटच्या माणसाला बांधील होत्या. राज्यपाल म्हणून हिमाचलच्या एकाही मतदाराला त्यांना हटवता येत नव्हते. ते दिल्लीच्याच हाती होते.

घटना समितीपुढे दुसरी वाट होती. १९४८ च्या मसुद्यात दोन पर्याय होते: राज्यपालांची थेट निवडणूक, किंवा विधिमंडळाने चार नावे निवडायची आणि राष्ट्रपतींनी त्यांतले एक नेमायचे. १९४९ च्या मे महिन्यात दोन्ही सोडून सरळ नियुक्ती स्वीकारली गेली. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि विधानसभेचा विश्वास असलेला मुख्यमंत्री एकाच राज्यात नांदणार कसे, ही भीती त्यामागे होती आणि ती मला रास्त वाटते. अमेरिकेत गव्हर्नर हाच राज्याचा कारभारी, म्हणून तिथे लढत शोभते; २०१९ मध्ये केंटकीचे मॅट बेव्हिन पदावर असताना सुमारे पाच हजार मतांनी हरले. आपला राज्यपाल कारभारी नाही.

पण कारभारी नसलेल्या पदाने कारभार अडवला तर काय? महाराष्ट्राने ते पाहिले. उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त जागांसाठी बारा नावे पाठवली. तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ती ना मंजूर केली ना परत पाठवली. २०२२ मध्ये सरकार पडले तरी ती तशीच पडून होती. त्या पडझडीत त्यांनी बहुमत चाचणीचा आदेश दिला. तो समर्थनीय नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी म्हटले. तोवर कोश्यारी राजभवन सोडून गेलेही होते आणि ठाकरे यांनी राजीनामा दिला असल्याने सरकार परत येणे शक्य नव्हते. चूक न्यायालयात ठरली. तिची किंमत चूक करणाऱ्याने मोजली नाही.

थेट निवडणूक नको, हे मान्य. मात्र मसुद्यातला दुसरा पर्याय पुन्हा टेबलावर यायला हवा. नावे विधिमंडळाने सुचवावीत आणि हटवण्याचा अधिकारही त्यालाच असावा. सक्रिय पक्षकारणातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना राज्यपाल करू नये, असे केंद्र-राज्य संबंधांवरील सरकारिया आयोगाने १९८८ मध्येच सुचवले होते. त्याच विषयावरील पुंछी आयोगाने २०१० मध्ये पाच वर्षांची निश्चित मुदत आणि विधानसभेकडून महाभियोग, असा उपाय मांडला. दोन्ही अहवालांनंतर केंद्रात काँग्रेसची, भाजपची, आघाड्यांची सरकारे आली. राजभवनाची किल्ली मात्र एकानेही हातची सोडली नाही.