मुलांपासून मरण लपवावे काय?

सडक अर्जुनीस आमच्या आप्तांच्या घरी काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ वारले. त्यांच्या पाच वर्षांच्या नातवास, आजोबा नागपूरच्या इस्पितळात आहेत, असे सांगण्यात आले. हेतू वाईट नव्हता. पुढे कित्येक दिवस ते पोर, नागपूरकडून एसटी आली की ओट्यावर येऊन उभे राही व उतरणाऱ्या प्रत्येक उतारूचे तोंड निरखून पाही. मग एके दिवशी त्याने ओट्यावर येणे सोडले. खरे त्यास कोणी सांगितले, हे आम्हांस कळले नाही. त्यानंतर तो मोठ्या माणसांस काही विचारीनासा झाला, एवढे मात्र दिसले.

हा प्रसंग आम्हांस आठवला तो एका कार्टूनमुळे. १९८१ साली जपानात 'गोलायन' नावाची चित्रमालिका निघाली. सिंहाच्या आकाराची पाच यंत्रे एकत्र जुळून एक प्रचंड यंत्रमानव उभा राहतो व पाच तरुण तो चालवितात, असा तिचा विषय. तीत अणुयुद्धाने पृथ्वी उद्ध्वस्त झालेली आहे, आणि पाचांपैकी शिरोगाने नावाचा तरुण आरंभीच लढता लढता मरतो. ज्या राष्ट्राने १९४५ च्या ऑगस्टात हिरोशिमा व नागासाकी जळताना पाहिली, त्याने आपल्या मुलांस ही कथा सांगावी यात नवल नाही. १९८४ साली एका अमेरिकन कंपनीने तीच चित्रे घेतली, कापली, त्यांवर नवे इंग्रजी संवाद चढविले आणि 'व्होल्ट्रॉन' या नावाने ती तिकडील मुलांस दाखविली. शिरोगानेचा तेथे स्वेन झाला. आणि स्वेन मेला नाही, तर जखमी होऊन दुसऱ्या ग्रहावरील इस्पितळात गेला! पृथ्वीही शाबूत राहिली.

परक्या कथेस आपला वेष देणे यात आम्हांस काहीच गैर वाटत नाही. सडक अर्जुनीजवळून वाहणारी चुलबंद ज्या वैनगंगेस मिळते, त्याच वैनगंगेच्या काठची मोगलीची कथा किपलिंगने १८९४ साली इंग्रजीत छापली, १९८९ साली जपान्यांनी ती चित्रांत काढली आणि पुढे दूरदर्शनवर आमच्या मुलांनी ती हिंदीत ऐकली. तीत कोणाचे काय बिघडले? देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तेव्हा नावे बदलली, पोषाख बदलले. पण कमळजेस माहेरी धाडून त्यांनी नाटक आटोपले नाही.

कोवळ्या मनास भीषण दृश्यांपासून जपावे, हे अमेरिकन पालकांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. गोलायनमध्ये शिरच्छेदाची दृश्ये आहेत. ती गाळली, ठीक झाले. परंतु गाळणे निराळे आणि फिरविणे निराळे. आई डोळ्यांवर हात ठेवते, तेव्हा समोर काहीतरी भयंकर आहे हे मुलास कळतेच. व्होल्ट्रॉनमध्ये शत्रूचे सैनिक म्हणजे माणसे नव्हेत, नुसती यंत्रे आहेत, असे सांगून टाकण्यात आले. 'गॅचमन' या १९७२ च्या जपानी मालिकेचे १९७८ साली 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' झाले, तेव्हा पृथ्वीवरील घटना परग्रहांवर ढकलण्यात आल्या व कापलेली जागा भरण्यास एक बडबडा यंत्रमानव नव्याने काढण्यात आला. मारामारी तर हवी, मरण मात्र कोणासच यावयाचे नाही! असले फुकटचे युद्ध पाहून मोठ्या झालेल्या मुलास खऱ्या युद्धाची बातमी वाचताना काय वाटत असेल, याची आम्हांस चिंता वाटते. रक्त दाखविण्यापेक्षा हे अधिक क्रूर आहे, असे आमचे मत आहे.

बरे, यावाचून गत्यंतर नव्हते म्हणावे, तर १९८५ सालचा 'रोबोटेक' समोर उभा राहतो. आठवड्यातील पाच दिवस दाखविण्यास निदान ६५ भाग लागत; म्हणून परस्परांशी संबंध नसलेल्या तीन जपानी मालिका जोडून त्याचे ८५ भाग बनविण्यात आले. ही मोडतोड थोडीथोडकी नव्हे. तरीही त्यातील रॉय फॉकर मरतो, आणि मेला असेच सांगितले जाते. त्या मुलांनीही ते सोसलेच की!

आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी उरकली की रात्र रात्र नाटके चालतात. मांडवात आयांच्या मांडीवर पोरे असतात. रंगभूमीवर कोणी मेले म्हणजे आया पदराने डोळे पुसतात, आणि पोरे एकदा रंगभूमीकडे व एकदा आईच्या तोंडाकडे पाहतात. मरण काय हे त्यांस तेवढ्याने उमगते असे नव्हे. पण रडावयाचे झाल्यास कोणाजवळ रडावे, हे कळते. इस्पितळाची थाप मारून आम्ही त्या नातवापासून नेमके हेच हिरावून घेतले. तो एकटाच ओट्यावर उभा राहिला.

गोलायनमध्ये पुढे मृत शिरोगानेचा भाऊ येतो. अमेरिकन संपादकांस ही आयती सोय झाली. भावाची तीच चित्रे दाखवून, स्वेन बरा होऊन परत आला, असे त्यांनी सांगितले. वाट पाहणाऱ्या तिकडच्या मुलांस स्वेन भेटला. नागपूरच्या एसटीतून मात्र कोणी उतरले नाही.