हेच ते वळिवडे

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मान्य केली. आठवणीला मात्र त्या पंगतीत पान मांडले नाही. आठवण पूर्वीच्या अनुभवाने मागे ठेवलेल्या संस्कारातून उपजते, नवे काही ग्रहण करीत नाही, आणि आठवलेली वस्तू त्या क्षणी समोर असतेच असेही नाही, हे त्याचे कारण. परंतु पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा डोळ्यांपुढे येऊन 'हीच ती' अशी जी ओळख पटते, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, तिला नैयायिक प्रत्यक्षातच गणतात; कारण तिच्यात संस्काराचा हात असला तरी इंद्रियाचा वस्तूशी सन्निकर्ष, म्हणजे साक्षात संबंध, घडलेला असतो. निवृत्तीनंतर पती-पत्नी तरुणपणीच्या जागा पाहण्यासाठी समुद्रापार जातात, तेव्हा घरी छायाचित्रांचे आल्बम असतात, आठवणीही शाबूत असतात, आणि तरीही गुडघ्यांचे दुखणे सोसून, औषधांच्या डब्या सांभाळत ती निघतात, या खटाटोपाचे मर्म या भेदात आहे.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याइतके या भेदाचे चोख उदाहरण मिळणे कठीण. 1939 मध्ये सोव्हिएत फौजांनी पोलंडचा पूर्व भाग व्यापल्यावर तेथील लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी सुटका होऊन इराणमार्गे भारतात आलेल्यांसाठी 1943 मध्ये वळिवड्यास छावणी उभारण्यात आली आणि 1948 पर्यंत सुमारे 5000 पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, तिथे राहिले. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, इस्पितळ, स्काउटांची पथके असे एक गावच तिथे वसले होते. छावणी मोडल्यावर अनेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगले, कारण मूळ गावे सोव्हिएत हद्दीत गेल्यामुळे परतायला घरच उरले नव्हते. म्हणून त्यांच्या बालपणाची जागा म्हणून पंचगंगेकाठचा हा माळच शिल्लक राहिला. पुढे वार्धक्यात त्यांतील कित्येक जण कोल्हापुरास येऊन गेले. महावीर उद्यानातील स्मारकस्तंभ आणि ख्रिस्ती दफनभूमीतील पोलिश थडगी त्यांच्या वास्तव्याची साक्ष देतात, आणि 2019 च्या सप्टेंबरात पोलिश शासनाच्या प्रतिनिधींबरोबर पूर्वीचे काही रहिवासीही वळिवड्यास आले होते.

आता त्यांना दिसते काय? छावणी रिकामी होताच तिथे सिंधमधून आलेले फाळणीग्रस्त वसविण्यात आले, त्या वसाहतीचे गांधीनगर झाले, आणि आज तिथे कापडाची मोठी बाजारपेठ आहे. कोल्हापुरातील राजारामपुरीतून उचगावमार्गे लग्नाच्या बस्त्यासाठी तिकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला पूर्वीच्या बराकींची पुसटशी कल्पनाही नसते. बौद्ध तार्किकांचा आक्षेप नेमका इथे लागू पडतो. क्षणभंगवादानुसार प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नवी उत्पन्न होते. कापलेली नखे आणि केस पुन्हा वाढल्यावर 'तेच हे' असे वाटावे, तशीच प्रत्यभिज्ञा ही केवळ सादृश्यामुळे झालेली भ्रांती आहे, तिच्यात आठवण आणि दर्शन ही दोन वेगळी ज्ञाने एक मानली जातात. जागेपुरता हा आक्षेप खोडून काढणे अवघड आहे, हे मान्य केलेले बरे. खुद्द राजारामपुरीत, जिथल्या गल्ल्या पहिली, दुसरी, तिसरी अशा आकड्यांनी ओळखल्या जातात, तिथे बैठे बंगले पाडून त्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहत आहेत, आणि परदेशी स्थायिक झालेले जोडपे जुने घर पाहायला आले, तर गल्लीचा आकडा तेवढा ओळखीचा निघतो.

पण नैयायिकांचा भर मुळात जागेवर नाही, ओळखणाऱ्यावर आहे. जे पूर्वी डोळ्यांनी पाहिले तेच आता हाताने स्पर्शतो, असे ज्ञान होते तेव्हा पाहणारा आणि स्पर्शणारा एकच असला पाहिजे, असे न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्म्याच्या सिद्धीसाठी म्हटले आहे, आणि त्याच्याच जोडीला एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही, हा नियमही या परंपरेत वारंवार सांगितला जातो. दाम्पत्याच्या प्रवासात या नियमाची धार जाणवते. दोघांपैकी एकच छावणीत वाढलेला असेल, तर पन्नास वर्षे त्याच गोष्टी ऐकून बराकींचा नकाशा मुखोद्गत झालेल्या जोडीदारालाही गांधीनगरात साड्यांची दुकानेच दिसतात. संसार सामाईक झाला, संस्कार झाला नाही. दोघेही तिथेच वाढलेले असले, तर चर्च कोणत्या बाजूला होते यावरून वाद होतो, आणि असा वाद, कितीही किरकोळ वाटला तरी, दोन स्वतंत्र ज्ञात्यांचे अस्तित्व युक्तिवादापेक्षा अधिक चांगले सिद्ध करतो.

अद्वैत वेदान्त 'हाच तो देवदत्त' या पारंपरिक उदाहरणाने तिसरी वाट दाखवितो. 'तो' मधील पूर्वीचा देश-काल आणि 'हा' मधील आताचा देश-काल यांचा विरोध असल्यामुळे ते दोन्ही अंश टाकून उरलेला निव्वळ देवदत्त घ्यावा, या पद्धतीस भागत्याग-लक्षणा म्हणतात, आणि जीव-ब्रह्माचे ऐक्य समजावण्यासाठी ती अत्यंत उपयोगी आहे. वृद्ध यात्रेकरूच्या बाबतीत मात्र ती कोरडी ठरते, कारण जे अंश ती टाकायला सांगते, तो काळ आणि ती जागा, त्यांच्यासाठीच तर तो आलेला असतो. उतारवयात वानप्रस्थाची, म्हणजे घरादाराचा मोह सोडून वनाकडे वळण्याची, वाट सांगणारे धर्मशास्त्र याला आसक्ती म्हणेल. पण जे घर बळाने हिरावले गेले त्याचा त्याग करण्याची संधी त्या माणसाला मिळालीच नव्हती, आणि न मिळालेल्या गोष्टीचा त्याग कसा करायचा, याचे उत्तर त्या व्यवस्थेत सहज सापडत नाही.

हाच प्रश्न गांधीनगरच्या सिंधी वृद्धांना अधिक कडवटपणे लागू होतो. पोलिश मंडळींना व्हिसा काढून, विमानाने येऊन वळिवड्याची माती पायाखाली घेता आली, त्यांच्या आठवणींना प्रत्यक्षाचा दर्जा मिळाला. ज्या बराकींत पुढे सिंधी कुटुंबांनी संसार थाटले, त्यांतील बहुतेकांना सरहद्दीपलीकडचे आपले गाव पुन्हा पाहता आले नाही, आणि न्यायशास्त्राच्या हिशेबी त्यांच्याजवळ शेवटपर्यंत केवळ स्मृती राहिली.