जुनें इंजिन आणि शेजारधर्म

ज्या वस्तूची व्यवहारांत गरज उरली नाहीं, तिच्यावर माणसानें आपले श्रम खर्च करावे काय? हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु त्यांत नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. पनवेलच्या खांदा कॉलनीसारख्या, सिडकोनें वसविलेल्या वस्तींत राहणाऱ्या वाचकास तो विशेष जाणवेल. तेथें इमारतींत राहणाऱ्याला अंगण नसतें. खालचें पार्किंग हेंच त्याचें अंगण. अशा जागीं रविवारीं कोणी गृहस्थ जुनी स्कूटर उघडून बसला, कीं शेजारी दोन प्रश्न विचारतात : 'हिचा आतां उपयोग काय?' आणि 'हा धूर आम्हीं कां सोसावा?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आपल्याकडे इटालियन दुचाकीचें इंजिन घरोघर पोंचलें तें मुख्यतः स्कूटरच्या रूपानें. १९४६ सालीं पियाजिओ कंपनीची व्हेस्पा निघाली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हा मूळचा विमानें व हेलिकॉप्टरें यांचा अभियंता. पुढल्याच वर्षीं मिलानच्या इनोचेंती कंपनीनें लॅम्ब्रेटा आणली. पुढें ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या मुंबईच्या कंपनीनें लॅम्ब्रेटा, आणि बजाज कंपनीनें पियाजिओच्या परवान्यानें व्हेस्पा येथें तयार केली. तो परवाना १९७१ सालीं संपला व १९७२ सालीं त्याच घराण्यांतली 'चेतक' निघाली. टू-स्ट्रोक इंजिनांत फोर-स्ट्रोकप्रमाणें झडपांचा पसारा नाहीं, व्हेस्पाला साखळीही नाहीं. म्हणून मोजक्या पान्यांनिशीं घरीं उघडतां येईल असें हें इंजिन आहे.

अशा इंजिनाशीं झटणें निरुपयोगी असेल, पण निष्फळ नव्हे. आम्हीं अध्यापकवर्गांत आयुष्य काढलें. तेथें शब्द पुष्कळ झाकतात. मोघम उत्तरालाही निम्मे गुण मिळतात. इंजिन मात्र कोणाचें मन राखीत नाहीं. गाडी सुरू होत नसेल, तर प्लगला ठिणगी आहे काय, पेट्रोल पोंचतें काय, सिलिंडर दाब धरतो काय, हें क्रमानें पाहावें लागतें. उतावळा मनुष्य प्लग, पॉइंट आणि जेट एकदम बदलतो. गाडी सुरू होते, पण दोष कोठें होता हें त्याला कधींच कळत नाहीं. यश आणि ज्ञान या दोन वस्तु निराळ्या आहेत, हा धडा इतक्या स्वच्छपणें दुसरीकडे क्वचितच मिळतो.

याहून कठीण धडा संयमाचा. सिलिंडर झिजला म्हणजे त्याला बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन बसवितात. पाव मिलिमीटर लोखंड एकदां कापलें, कीं तें परत चढवितां येत नाहीं. आणि असे फेरे मोजकेच मिळतात. म्हणून आधीं मोजणें, मग कापणें. जें केलेलें परत फिरवितां येत नाहीं, त्याच्यापुढें क्षणभर थांबण्याचा हा विवेक संसारांतही लागतो; मात्र तेथें माप घेण्याचें साधन इतकें निश्चित नसतें.

येथवर पहिल्या प्रश्नाचें उत्तर झालें. दुसरा अधिक अवघड आहे. या इंजिनांत वंगणाचें ऑइल पेट्रोलमध्येंच मिसळतात व तें त्याबरोबर जळतें. शिवाय नवें मिश्रण आंत येत असतां त्याचा कांहीं भाग न जळतांच बाहेर निसटतो. हा दोष रचनेचाच आहे. उत्तम कारागिरीनें तो कमी होईल, नाहींसा होणार नाहीं. पहिल्या मजल्यावरील दम्याच्या रोग्यानें ही स्कूटर मागितलेली नसते. त्याच्या श्वासावर आपल्या छंदाचा हक्क कोणत्या न्यायानें पोंचतो? नवीं वाहनेंही धूर सोडतात, हें उत्तर पुरेसें नाहीं. दुसऱ्याच्या पापानें आपलें पाप फिटत नाहीं.

आमच्या मतें मर्यादा स्पष्ट आहे. खोलणें, घासणें, जुळविणें घरीं खुशाल करावें. इंजिन चालवून पाहण्यासाठीं गाडी ढकलीत वस्तीबाहेर मोकळ्या जागीं न्यावी, काळें ऑइल गटारांत ओतूं नये, आणि ही गाडी रोजच्या रपेटीस नव्हे, तर प्रसंगींच काढावी. यानें आनंद थोडा कमी होतो, हें खरें. परंतु 'धूर तसा फारसा होत नाहीं' असें जो म्हणतो, तो इंजिनानें एकदांही ऐकून न घेतलेली सबब शेजाऱ्याच्या गळीं उतरवूं पाहतो. यंत्रापुढें खरेपणानें वागावयास शिकलेल्या माणसानें जिन्यांत भेटणाऱ्या शेजाऱ्यापुढेंही तसेंच वागावें. नाहीं तर रविवारचे ते सारे श्रम खरोखरच निरुपयोगी ठरतील.