दुखणे, पूर्वकर्म आणि आपले कर्तव्य



घरात कोणाचा गुडघा सुजला, बोटे आखडली, की वडीलधारी माणसे अजूनही म्हणतात, "मागल्या जन्मीचं काहीतरी असंल." मग नवस बोलला जातो, अंगारा लावला जातो. दीक्षा घेऊन आपण देव्हारे काढले, पण दुखण्याविषयीची ही समजूत मनाच्या कोनाड्यात तशीच राहिली. ती राहू द्यावी काय?

हा प्रश्न तथागतांनाही विचारला गेला होता. राजगृहाच्या वेळुवनात सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? तथागतांनी आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतूंचा पालट, देहाची विषम निगा, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक. सारेच पूर्वकर्मावर टाकणारे लोक अनुभव सोडून बोलतात, असे त्यांनी स्पष्ट बजावले. संयुत्त निकायात हा संवाद आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, तो याचसाठी की त्यामुळे दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला झटकता येते.

आता वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहा. पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते, ठणकते. रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे जंतूंशी लढत असतात. हा दाह आपला रक्षक आहे. काम झाले की तो शमतो. परंतु काही वेळा तो शमत नाही, अंगात मंद धुमसत राहतो. पोटाभोवतीची वाढलेली चरबी, तंबाखू, अपुरी झोप, बैठे जिणे यांनी त्याला इंधन मिळते. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. संधिवाताच्या एका प्रकारात तर शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर चाल करते. तेथे डॉक्टरांचे औषध हवेच. पथ्य आणि व्यायाम औषधाच्या सोबतीला असतात, त्याच्या जागी नव्हेत.

मग आपल्या हाती काय? कोसलराजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. त्यांनी त्याला उपवास सांगितला नाही. मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज जेवताना तो उपदेश म्हणावयास लावला, आणि आहार हळूहळू कमी होऊन राजाचे शरीर सडपातळ झाले. भिक्खूंना त्यांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले. आजार कमी होणे आणि अन्न पचणे हे त्यांतले दोन. आजचे डॉक्टरही आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालावयास सांगतात.

आहारासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, तांदुळजा, अंबाडी, जवसाची चटणी, मिळाल्यास बांगडा किंवा तारली, हे सारे हितकारक आहे. वनस्पती तूप, रोजचे तळण, चार चार वेळचा गोड चहा कमी करा. दारू तर पंचशीलाने आणि बावीस प्रतिज्ञांनी आधीच वर्ज्य केली आहे.

तुम्ही म्हणाल, "ज्याच्या ताटात निवडीला जागाच नाही त्याला पथ्य कसले सांगता?" आक्षेप खरा आहे. दिवसभर वाकून निंदणी करणाऱ्या बाईला 'चालायला जा' म्हणणे ही थट्टा होईल. तिला विश्रांती हवी. सर्वांना वाढून उरलेले जी खाते, तिच्या देहाची निगा विषम आहे ती घराच्या चालीमुळे. विषम निगा नेहमी एकट्याचा दोष नसतो. विषम समाज ती लादत असतो. म्हणून आजाऱ्याला पूर्वकर्माचा दोष देऊ नये, तसाच 'तूच पथ्य पाळले नाहीस' असा दोषही घाईने देऊ नये. जे आपल्या हाती आहे ते करावे. जे समाजाच्या हाती आहे, म्हणजे रास्त मजुरी, रेशन, दवाखाना, ते संघटित होऊन मागावे. आणि घरात जे आज करता येते, म्हणजे सर्वांनी एकत्र बसून सारखे जेवणे, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

अतिसाराने लोळणाऱ्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर ठेवले. मागच्या जन्मी तू काय केलेस, असे त्यांनी त्याला विचारले नाही. त्यांनी विचारले, तुला काय होते आहे, आणि तुझी सेवा करणारा कोणी आहे काय? आपल्या घरातल्या दुखणाईतालाही आपण हेच दोन प्रश्न विचारू या.