पेटीवरचं गाव

मुलुंडला एकाचा आंब्यांचा धंदा होता. पेटीवर ठळक ‘देवगड हापूस’. वरच्या थरात देवगडचा आंबा, खालच्या थरात कर्नाटकचा. गिऱ्हाईक तक्रार करत नसे, म्हणून त्यालाही काही वाटत नसे.

नाशिकच्या वायनरीत वर्षानुवर्षं काम केलेला त्याचा मामा एकदा फ्रेंच रेड वाइनची बाटली घेऊन आला. भाचा लेबलावर द्राक्षाचं नाव शोधू लागला. नाशिकच्या बाटलीवर शिराज, कॅबर्ने असं लिहिलेलं असतं. इथे नुसतं गाव : शातोनफ-द्यू-पाप.

“मामा, द्राक्ष कुठलं ते लिहिलंच नाही.”

“गाव लिहिलंय ना? आधी वास घे. मग घोट तोंडात घोळव.”

पिकलेली लाल फळं, काळी मिरी, वाळलेल्या रानपाल्याचा वास, आणि गिळताना घशात ऊब. भाचा दुसरा घोट घेईतो मामानं सांगायला सुरुवात केली. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातल्या त्या मळ्यांत मोठाले गोल गोटे पसरलेत. ते दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. मिस्त्राल नावाचा कोरडा वारा पानं सुकी ठेवतो, बुरशी धरू देत नाही. ग्रेनाश द्राक्षाला तिथे भरपूर गोडी चढते, म्हणून वाइनही कडक. चौदाव्या शतकात पोप जवळच्या आविन्योंला राहायचे, तेव्हापासून गावाचा लौकिक.

“लौकिकामागून बनावट माल आला. कुठलीही वाइन या नावावर खपायची. तेव्हा 1923 मध्ये बागायतदारांनी बॅरन ल रुआ या वकिलाला पुढे केलं आणि आधी स्वतःलाच नियम लावून घेतले.”

त्यातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. जिथे लॅव्हेंडर आणि थाइम दोन्ही उगवतात, अशाच कोरड्या जमिनीतलं द्राक्ष घ्यायचं. जमिनीची पारख तिथल्या रानझुडपांवरून! 1936 मध्ये या नावाला सरकारी संरक्षण मिळालं. हेक्टरी साधारण साडेतीन हजार लिटरांपेक्षा जास्त वाइन काढायची नाही, हे बंधनही तिथे आहे.

“जास्त पिकत असताना कमी काढायची?”

“नाव गावाचं असतं रे. एकानं खोटं विकलं की सगळ्यांचं बुडतं.”

भाचा गप्प झाला. पुढच्या हंगामात त्याच्याकडे दोन वेगळ्या पेट्या होत्या, दोन दरांच्या. कर्नाटकच्या पेटीवर कर्नाटक लिहिलेलं. त्या वर्षी नफा घटला, तरी त्यानं थर पुन्हा मिसळले नाहीत.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. यंदा पेटी घ्याल तेव्हा बाग कुठल्या गावची ते विचारा, आणि खालचा थरही उघडून बघा.